भाचा आजारी आहे. माझ्या धडधाकट मुलांची तपासणी करू का?

नमस्कार डॉक्टर,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असायचा. मग अक्षर बिघडलं, बाई म्हणाल्या लक्ष नसतं, आम्ही मोबाईलला दोष दिला. हाक मारली तर ऐकू यायचं, पण काय सांगितलं ते कळायचं नाही. कान तपासले तर चांगले निघाले. त्याआधी वर्षभर तो काळवंडत चालला होता, सगळे म्हणायचे उन्हात खेळतो. जूनमध्ये एमआरआय झाला आणि एएलडी असं नाव सांगितलं. आता त्याला नीट दिसत नाही, धरून चालवावं लागतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटला उशीर झालाय असं मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं.

हा आजार आईकडून येतो म्हणे. आमच्या मामांना पस्तिशीपासून काठी लागते, मणक्याचा आजार समजून त्यांच्या ऑपरेशनचं चाललंय. मला नऊ आणि चार वर्षांचे दोन मुलगे आहेत. दोघं ठणठणीत आहेत. फक्त धाकट्याला ताप आला की उलट्या होतात आणि तो फार गळून जातो. मी तपासणीचा विषय काढला तर हे म्हणतात, धडधाकट पोरांना सुया कशाला टोचायच्या, आणि काही निघालंच तर करणार काय? सासूबाईंना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. बहीण अमेरिकेतल्या जीन थेरपीसाठी लोकांकडून पैसे गोळा करायचं म्हणते. कुणीतरी एका तेलाचा व्हिडिओ पाठवलाय. मी काय करू?

– एक आई


ताई, नमस्कार.

तुमच्या यजमानांना आधी उत्तर देतो, कारण घोडं तिथेच अडलंय. सुया टोचायच्या. दोन्ही मुलांना टोचायच्या, आणि धाकट्याला याच आठवड्यात. काही निघालं तर करण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते मूल धडधाकट असतानाच करता येतं. तुमच्या भाच्याच्या बाबतीत डॉक्टर ‘उशीर झाला’ म्हणाले त्याचा अर्थ हाच आहे. या आजारावरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनातून तुमच्या घराला उपयोगी पडेल असं सगळ्यात मोठं काही मिळालं असेल, तर ते लक्षणांआधी कळण्याचं साधन.

आजार थोडक्यात सांगतो. एएलडी म्हणजे ऍड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. शरीरात काही फार लांब साखळीची चरबीयुक्त आम्लं तयार होतात. पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या कोठडीत त्यांची मोडतोड व्हायची असते. त्यांना कोठडीच्या दारातून आत नेणारा हमाल म्हणजे एक प्रथिन, आणि ते बनवण्याची कृती एबीसीडी-१ या जनुकात लिहिलेली असते. जनुकात बिघाड असला की हमाल कामावर येत नाही, माल बाहेर साठत जातो. साठतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणात, आणि किडन्यांच्या वर बसलेल्या ऍड्रिनल ग्रंथींत. रक्तात ही आम्लं मोजता येतात. त्यांचा छडा १९७६ मध्ये लागला आणि पाचेक वर्षांत रक्ताची तपासणी हाती आली. जनुक १९९३ मध्ये सापडलं.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याकडे एक्स एकच, त्यामुळे त्यात बिघाड असेल तर आजार आलाच. बाईकडे दोन असतात, त्यातलं एक बिघडलेलं असेल तर ती वाहक, म्हणजे तिच्याकडून ते मुलांकडे जाऊ शकतं. तुमचे मामा आणि तुमचा भाचा दोघं एकाच धाग्यात बसतात, मामांचं पक्कं निदान व्हायचं असलं तरी. तसं असेल तर तुमची आई वाहक आहे आणि तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुम्ही असाल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी. म्हणजे आज, काहीच माहीत नसताना, तुमच्या प्रत्येक मुलामागे चारात एक. हा आकडा यजमानांना असाच सांगा. ‘काही होणार नाही’ आणि ‘सगळं संपलं’ या दोन्हींपेक्षा तो खरा आहे.

आता धाकटा. ताप आला की उलट्या होणारी, मलूल पडणारी मुलं घरोघरी असतात आणि बहुतेकांना काही नसतं. पण तुमच्या घरात ही गोष्ट सोडून देता येणार नाही. एएलडी असलेल्या मुलग्यांत ऍड्रिनल ग्रंथी पुष्कळदा मेंदूच्या आधी थकतात, कधी काही वर्षं आधी. आयुष्यभराचा हिशेब केला तर दहातल्या आठ पुरुषांना हा त्रास होतो. या ग्रंथींत बनणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडलं की साध्या तापात, जुलाबात, एखाद्या ऑपरेशनमध्ये रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, आणि मूल हातचं जाऊ शकतं. ज्यावर गोळी आहे अशा कारणाने मूल जाणं मला कधीच पटलेलं नाही.

तपासणी अशी करून घ्या. सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि एसीटीएच, म्हणजे ऍड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक. कॉर्टिसॉल काही शे रुपयांत होतं. एसीटीएचचा नमुना बर्फात ठेवून लगेच पोचवावा लागतो, म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या पोरावर विसंबू नका, सांगलीत किंवा मिरजेत थेट लॅबमध्ये जा. त्याच वेळी दोघांचं ‘व्हेरी लाँग चेन फॅटी ऍसिड्स’ या तपासणीचंही रक्त द्या. हे काही हजारांचं काम आहे, नमुना मोठ्या लॅबकडे जातो, रिपोर्टला दिवस लागतात. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवू द्या आणि सकाळी उपाशीपोटी न्या, पण धाकट्याचा नंबर पहिला लावा आणि रक्त दिल्या दिल्या त्याला खायला घाला. चिठ्ठी तालुक्याचे बालरोगतज्ज्ञही देऊ शकतात. भाच्याच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत न्या, म्हणजे त्यांनाही पहिल्यापासून सगळं ऐकावं लागणार नाही.

आणि घरी उजेडात दोघांना एकदा नीट बघा. उन्हाने आलेला काळेपणा शर्टाच्या बाहीपाशी थांबतो. ऍड्रिनलचा काळेपणा हिरड्यांवर दिसतो, तळहाताच्या रेघांत दिसतो, बोटांच्या सांध्यांवर दिसतो, जुन्या खरचटण्याच्या व्रणात दिसतो. भाच्याचा काळवंडलेपणा बहुधा हाच होता. तुम्हाला कुणालाच तो ओळखू आला नाही यात नवल नाही, आपल्याकडे सावळ्या मुलाकडे असं कोण बघतं? मात्र काळेपणा दिसला नाही म्हणून तपासणी रद्द करू नका.

कॉर्टिसॉल कमी निघालं तर त्याची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू होतील. आजारपणात डोस किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन लागतं आणि ते वाट न बघता द्यायचं असतं. गावच्या आरोग्य केंद्रात ते आहे का, हे आजच विचारून ठेवा. मुलाच्या दप्तरात एक चिठ्ठी हवी: मला ऍड्रिनलचा आजार आहे, उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या.

दोघांचे फॅटी ऍसिडचे रिपोर्ट नॉर्मल आले तर मुलांपुरता विषय संपला. मुलग्यांमध्ये ही तपासणी भरवशाची आहे. तुमच्या स्वतःच्या बाबतीत मात्र तसं नाही. वाहक बायकांपैकी दर पाच-सहा जणींत एकीचा रिपोर्ट नॉर्मल येऊन फसवतो. म्हणून तुम्ही जनुकाचीच तपासणी करा. भाच्याच्या जनुकात नेमका कुठला बदल आहे हे आधी कळलं की तोच बदल तुमच्यात शोधायचा असतो, सबंध जनुक वाचत बसावं लागत नाही. तेव्हा बहिणीकडून त्याचा जनुकीय रिपोर्ट मागून घ्या. नसेल झाला तर करून घ्यायला सांगा. तो कागद त्याच्यापेक्षा तुमच्या सगळ्या गोतावळ्याच्या जास्त कामाचा आहे.

समजा एखाद्या मुलात आजार निघाला. तर काय? त्या दिवशी घरात रडारड होईल, ती होऊ द्या. पण हेही कळू द्या की लहानपणी मेंदूचा आजार सगळ्यांना होत नाही. तो होतो साधारण ३५ ते ४० टक्के मुलग्यांना, बहुतेक तीन ते दहा या वयात. कुणाला होणार आणि कुणाला नाही, हे आज जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. एकाच घरात, एकाच बदलामुळे, एकाचा मेंदू सातव्या वर्षी पेटतो, म्हणजे दाह होऊन मायलिन झडू लागतं, आणि दुसरा तुमच्या मामांसारखा पस्तिशीत काठी धरतो. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही असा फरक सापडलेला आहे. रक्तातल्या आम्लांचं प्रमाण किती, यावरूनही काही कळत नाही.

संशोधनाचं गाडं इथेच रुतलंय. साठलेली चरबी एकटी मेंदूला आग लावत नाही, वर कसली तरी ठिणगी पडावी लागते. ती कसली, ते सापडलेलं नाही. डोक्याला जबर मार लागल्यानंतर काहींना सुरुवात झाल्याच्या नोंदी आहेत, पण ते सगळ्यांना लागू नाही. प्रयोगशाळेत हेच जनुक बंद केलेले उंदीर १९९७ पासून आहेत. त्यांच्यात आम्लं साठतात, म्हातारपणी पाठीच्या कण्याचा त्रासही होतो, पण मुलांच्या मेंदूत जी आग लागते ती या उंदरांच्या मेंदूत लागतच नाही. ज्या प्राण्यात आजारच होत नाही त्याच्यावर औषध तपासायचं कसं?

म्हणून सध्याचा मार्ग पहाऱ्याचा आहे. तीन ते बारा या वयात दर सहा महिन्यांनी मेंदूचा एमआरआय, पुढे वर्षातून एकदा, आणि ऍड्रिनलची तपासणी चालू. मूल खेळतंय, शाळेत जातंय, आणि तरीही एमआरआयवर छोटा पांढरा डाग दिसतो. तीच वेळ ट्रान्सप्लांटची असते. डाग किती पसरलाय हे लोएस स्कोअर या ३४ गुणांच्या मोजपट्टीवर मोजतात. स्कोअर ९ च्या आत आणि मुलाला लक्षणं नाहीत, तर निकाल चांगले येतात. दुसऱ्याच्या मूळपेशींतून तयार झालेल्या काही पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि आग शमवतात. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तोवर आजार पुढे सरकत राहतो. म्हणून लक्षणं सुरू झालेल्या मुलाला ट्रान्सप्लांट तारत नाही, कधी कधी उलट घाई करतं. पॅरिसमध्ये पात्रिक ओबूर्ग यांच्या गटाने १९९० मध्ये पहिल्यांदा यश दाखवलं तेव्हापासून हा धडा पुन्हा पुन्हा मिळालेला आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ट्रान्सप्लांटने ऍड्रिनल बरी होत नाही, गोळ्या चालूच राहतात.

चार वर्षांच्या मुलाला एमआरआयसाठी झोपवावं लागतं. ऍड्रिनलचा रिपोर्ट यायच्या आत ती वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना एएलडीची शंका आहे हे स्वतः तोंडाने सांगा. ‘फाइलमध्ये लिहिलंय’ यावर समाधान मानू नका.

पैशांबद्दल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात एएलडी पहिल्या गटात आहे, म्हणजे एकदाच उपचार करून बरे होऊ शकणाऱ्या आजारांत. अट अशी की सुरुवातीची अवस्था हवी, मेंदूची ठळक लक्षणं दिसायच्या आधीची. मान्यताप्राप्त केंद्रामार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्याकडे मुंबईचं केईएम हे असं केंद्र आहे. मुलात आजार निघाला तर डाग दिसायची वाट न बघता तिथे नाव नोंदवा आणि कागद तयार ठेवा. एमआरआय बिघडल्यावर दाखले गोळा करत फिरायला वेळ नसतो.

आता तेल. तो व्हिडिओ लॉरेन्झो ओडोने या अमेरिकेतल्या मुलाच्या गोष्टीवरचा असणार. त्याचे वडील ऑगस्टो वर्ल्ड बँकेत अर्थतज्ज्ञ होते. १९८४ मध्ये मुलाचं निदान झाल्यावर आई-वडिलांनी ग्रंथालयात बसून जीवरसायनशास्त्र शिकून घेतलं आणि दोन तेलांचं एक मिश्रण तयार करवून घेतलं. १९९२ मध्ये त्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला, आणि तेव्हापासून जगभरच्या आया त्या तेलाच्या मागे आहेत. आई-बापांबद्दल मला आदर आहे. सिनेमाबद्दल कमी. तेलाने रक्तातली आम्लं महिनाभरात खाली येतात, हे खरं. पण मेंदूत आजार सुरू झालेल्या मुलांमध्ये त्याने आजार थांबत नाही, हेही तितकंच खरं. लक्षणं नसलेल्या मुलांत थोडा उपयोग होत असावा असं २००५ च्या एका अभ्यासातून वाटलं, पण त्यात तुलनेसाठी तेल न घेणारा गट नव्हता, त्यामुळे ते सिद्ध झालेलं नाही. शिवाय त्याने रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. लॉरेन्झो तीस वर्षं जगला, पण अंथरुणावर, बोलता न येता, रात्रंदिवस माणसं दिमतीला ठेवून. भाच्यासाठी हे तेल मागवू नका. आणि तुमच्या मुलांचं तूप-शेंगदाणेही बंद करू नका, ही आम्लं बहुतांशी शरीर स्वतःच बनवतं.

जीन थेरपीबद्दल बहिणीला सांगणं अवघड आहे, पण कुणीतरी सांगायला हवं, आणि पैसे गोळा व्हायच्या आधी. यात मुलाच्याच मूळपेशी काढून त्यांत चांगलं जनुक घालून परत देतात. २००९ मध्ये ओबूर्ग आणि नाताली कार्तिए यांच्या गटाने दोन मुलांवर हे करून दाखवलं. २०१७ मध्ये १७ मुलांचे निकाल आले. त्यातली १५ मुलं दोन वर्षांनी मोठं अपंगत्व न येता जगत होती, तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. किंमत ३० लाख डॉलर. मग २०२४ मध्ये कळलं की उपचार घेतलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या औषध नियंत्रण यंत्रणेने जुळणारा दाता न मिळणाऱ्या मुलांपुरताच हा उपचार मर्यादित केला. पण आकडे बाजूला ठेवले तरी मुद्दा उरतोच: ही थेरपीसुद्धा ट्रान्सप्लांटसारखीच सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे. भाच्याची दृष्टी आणि तोल गेलाय. कितीही कोटी जमले तरी तिथले डॉक्टर त्याला घेणार नाहीत. बहिणीचा विश्वास बसत नसेल तर तिने एमआरआय घेऊन दुसऱ्या एका न्यूरोलॉजिस्टला फक्त लोएस स्कोअर विचारावा. दुसरं मत घेण्यात काही गैर नाही, एका कन्सल्टेशनचे पैसे जातील.

त्याच्यासाठी करण्यासारखं आहे ते वेगळं. ऍड्रिनलच्या गोळ्या एक दिवसही चुकू नयेत. गिळताना ठसका लागू लागला की लगेच दाखवायचं, जेवण पातळ-घट्ट कसं हवं हे शिकून घ्यायचं. हातपाय ताठरतात, दुखतात, झोप लागत नाही, या प्रत्येकावर औषध आहे आणि ते मागायचं असतं. उपशामक उपचार करणारे डॉक्टर आता मोठ्या शहरांत आहेत, त्यांच्याकडे ‘शेवटी’ जायचं असा समज आहे, पण मी तर आत्ताच जा म्हणेन. आणि तुम्ही आठवड्यातून एक रात्र तिच्याकडे जाऊन मुलाजवळ झोपलात, तर ती सलग सहा तास झोपेल. तेलाच्या बाटलीपेक्षा तिला ते लागेल.

सासूबाईंचं म्हणाल, तर आधी यजमानांना लॅबमध्ये सोबत न्या, रक्त घेताना मुलाला त्यांनाच मांडीवर घेऊ द्या. सासूबाईंना रिपोर्ट आल्यावर यजमानांनीच सांगावं, तुम्ही नाही. ‘सुनेकडून आलं’ हे वाक्य कधी ना कधी कानावर येईल. त्यावर वाद घालू नका. बाई हे जनुक निवडून आणत नाही, एवढं एकदा म्हणा आणि स्वयंपाकाला लागा. तुमच्या जागी अमेरिकेत बाळंत झालेली एखादी मराठी मुलगी असती, तर हा प्रश्न तिला पडलाच नसता. न्यूयॉर्कमध्ये २०१३ च्या अखेरीपासून बाळाच्या टाचेच्या रक्तात एएलडी तपासतात, आणि मग तिथली राज्यं एकामागून एक येत गेली. आपल्या सरकारी दवाखान्यात ते नाही, म्हणून हे काम तुमच्या अंगावर आलंय.

आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. तिचे पाय जड वाटत असतील, जिना चढताना ताठरत असतील, लघवीला घाई होत असेल तर ते नुसते गुडघे नसतील. वाहक बायकांपैकी साठीनंतर बहुतेकींना पाठीच्या कण्याचा सौम्य-मध्यम त्रास होतो. त्यावर फिजिओथेरपीचा उपयोग होतो, गुडघा बदलण्याचा नाही.

बहिणीला पुन्हा मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात वारेचा अंश घेऊन हा बदल तपासता येतो. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यात अशा आजारांसाठी परवानगी आहे, नोंदणीकृत केंद्रात जायचं एवढंच. मामांना एएलडी निघाला आणि त्यांना मुली असतील तर त्या सगळ्या वाहक ठरतील, कारण बापाचा एकुलता एक एक्स त्यांनाच जातो. मुलगे असतील तर ते मोकळे. लग्नाच्या वयाच्या मुलींना हे मामांनी स्वतः सांगितलेलं बरं.

पण मामांना फोन आजच करा, आणि वेगळ्या कारणासाठी. मणक्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ती पुढे ढकलायला सांगा. आधी फॅटी ऍसिड आणि सकाळचं कॉर्टिसॉल, मग न्यूरोलॉजिस्ट. एएलडीच असेल तर त्या ऑपरेशनने काठी सुटणार नाही. आणि कॉर्टिसॉल कमी असताना, ते कुणाला माहीत नसताना, टेबलावर जाणं धोक्याचं आहे.